वाळूसाठी कोणते मॉडेल घ्यावे : मोहर-कुलंब, हार्डनिंग सॉईल की सॅनिसँड?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यम घट्ट वाळूत १० मीटर खोल उत्खनन करायचे आहे. डायफ्रॅम वॉल (जमिनीतच ओतलेली काँक्रीटची भिंत) आणि अँकरच्या दोन रांगा आहेत, भूजल ४ मीटरवर आहे आणि शेजारी उथळ पायावर उभी असलेली जुनी इमारत आहे. हाताशी एसपीटीचे (ठोके मोजून केलेल्या प्रवेश चाचणीचे) आकडे, चाळणी विश्लेषण आणि डायरेक्ट शिअरच्या तीन चाचण्या आहेत. फायनाइट एलिमेंटमध्ये (माती छोट्या तुकड्यांत वाटून केलेल्या संगणकी गणितात) या वाळूला मोहर-कुलंब पुरेल, हार्डनिंग सॉईल घ्यावे, की सॅनिसँड किंवा हायपोप्लास्टिसिटीकडे वळावे? ही सगळी मातीच्या ताण-विकृतीच्या वर्तनाची गणिती मॉडेल आहेत. आणि भूकंपातले लिक्विफॅक्शन (पाण्याने भरलेल्या वाळूने द्रवासारखे वागणे) तपासायचे झाले तर तेच मॉडेल चालेल का?

उत्तर आधी देतो. उत्खननाच्या हालचालींसाठी स्मॉल-स्ट्रेन (अगदी लहान विकृतीच्या) ताठरपणासह हार्डनिंग सॉईल घ्या. भिंतीची स्थिरता मोहर-कुलंबने स्वतंत्रपणे पडताळा. लिक्विफॅक्शनसाठी या दोन्हींपैकी एकही चालणार नाही, तिथे पीएम४सँडसारखे चक्रीय भारासाठीच बांधलेले मॉडेल लागेल. सॅनिसँड या उत्खननाला नको. ते वाईट आहे म्हणून नाही, तर त्याचे अंक ठरवायला लागणाऱ्या ट्रायअ‍ॅक्सियल (नमुन्यावर चहूबाजूंनी दाब ठेवून वरून भार देण्याच्या) चाचण्या तुमच्याकडे नाहीत आणि त्याची खरी ताकद ज्या वर्तनात दिसते ते वर्तन या कामात घडतच नाही.

वाळू ‘सैल’ की ‘घट्ट’ हे एकट्या घनतेवर ठरत नाही, घनता आणि दाब मिळून ठरते. बोल्टन यांनी १९८६ मध्ये मांडलेले सूत्र हे नेमके दाखवते. सापेक्ष घनता (दशांशात) गुणिले (१० वजा सरासरी परिणामी दाबाचा, म्हणजे पाण्याचा दाब वगळून उरलेल्या दाबाचा, नैसर्गिक लॉगॅरिदम, दाब किलोपास्कलमध्ये), त्यातून १ वजा, हा झाला सापेक्ष प्रसरण निर्देशांक. ट्रायअ‍ॅक्सियल स्थितीत त्याची तिप्पट आणि प्लेन स्ट्रेनमध्ये (लांबीच्या दिशेने विकृती नसताना) पाचपट इतके अंश क्रिटिकल स्टेटच्या (आकारमान न बदलता माती सरकत राहते त्या अवस्थेच्या) घर्षणकोनात मिळवले की कमाल कोन मिळतो. ६० टक्के सापेक्ष घनतेच्या क्वार्ट्झ वाळूला १०० किलोपास्कलवर निर्देशांक २.२ येतो, म्हणजे ट्रायअ‍ॅक्सियलमध्ये जवळपास ७ अंशांची वाढ. तीच वाळू, तीच घनता, पण दाब १००० किलोपास्कल असेल तर वाढ अडीच अंशांच्या आसपास उरते. उथळ पायाखाली फुगणारी वाळू उंच धरणाच्या तळाशी जवळजवळ फुगतच नाही. म्हणून मॉडेलच्या नावाआधी तीन प्रश्न विचारावेत : या कामात दाब कुठून कुठे जाणार, पाण्याला निघायला वेळ मिळणार का, आणि ताणाची दिशा उलटणार का? उत्खननात दाब उतरतो, निचरा पूर्ण होतो, ताण मोठ्या प्रमाणात फारसा उलटत नाही. भूकंपात यातले शेवटचे दोन्ही बदलतात. त्यामुळेच एका कामाचे मॉडेल दुसऱ्या कामात जसेच्या तसे नेता येत नाही.

निवडीने किती फरक पडतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे बर्लिनच्या वाळूतल्या अँकरयुक्त खोल उत्खननाचा तुलनात्मक अभ्यास. त्याचे निष्कर्ष ग्राझचे हेल्मुट श्वाइगर यांनी २००२ मध्ये मांडले. भूमिती, बांधकामाचे टप्पे आणि चाचण्यांची माहिती सगळ्यांना सारखीच दिली होती. मॉडेल व त्याचे अंक ज्याचे त्याने ठरवायचे होते. काहींच्या गणितात भिंतीचे टोक खड्ड्याकडे २०० मिलिमीटरहून जास्त सरकले, काहींच्या गणितात ते उलट जमिनीकडे गेले. सॉफ्टवेअर बरोबर चालूनही हे घडले.

मोहर-कुलंबची अडचण ताकदीत कमी आणि ताठरपणात जास्त आहे. त्यात एकच ‘ई’ (ताठरपणाचा अंक) असतो. भार चढताना जो, तोच उतरतानाही. वाळूत उतरता ताठरपणा साधारण तिप्पट असतो. परिणामी मोहर-कुलंबमध्ये खड्ड्याचा तळ अवास्तव वर येतो. मेशची (एलिमेंटच्या जाळ्याची) खोली वाढवली की तो आणखी वर येतो, कारण खालच्या थरालाही तोच ‘ई’ दिलेला असतो. वर येणारी माती भिंतीलाही उचलते आणि मग भिंतीमागची जमीन खचण्याऐवजी फुगलेली दिसते. शेजारच्या इमारतीचा खचाव तपासायचा असेल तर हे चित्र चुकीचे तर आहेच, शिवाय खोटा दिलासा देणारेही आहे. थरागणिक ‘ई’ वाढवून काही प्रमाणात सावरता येते, पण तो सावरलेला ‘ई’ कोणत्या ताणपथासाठी (ताण बदलण्याच्या वाटेसाठी) हे दर टप्प्याला बदलते.

आता हार्डनिंग सॉईल. शान्झ, फेर्मीर आणि बोनियर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या या मॉडेलमध्ये तीन ताठरपणे आहेत : ५० टक्के ताकदीवरचा सेकंट (ई-५०), ओइडोमीटरचा (बाजूला पसरू न देता दाबण्याच्या चाचणीचा) टँजंट आणि उतरत्या-पुनर्भाराचा. तिन्ही १०० किलोपास्कल संदर्भ दाबाला द्यायचे आणि दाबानुसार ते ‘एम’ या घातांकाने बदलतात. सर्वाधिक चुका इथेच होतात. अहवालात ‘८ मीटरवर ई = २५ मेगापास्कल’ असे लिहिलेले असते आणि तो आकडा तसाच संदर्भ ताठरपणाच्या रकान्यात जातो. ८ मीटरवर आडवा परिणामी दाब ४० किलोपास्कल असेल आणि घातांक ०.५ असेल, तर संदर्भ ताठरपणा होतो २५ भागिले ०.४ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३९.५ मेगापास्कल. रूपांतर विसरले की सगळी वाळू एक तृतीयांशाहून जास्त मऊ होते. दुसरी बारीक गोष्ट : ई-५० चा संदर्भ आडवा दाब असतो, तर ओइडोमीटर ताठरपणाचा संदर्भ उभा दाब. दोन्ही आकडे वाळूत बहुधा सारखेच घेतले जातात, पण प्रयोगशाळेच्या आलेखावरून काढताना कोणत्या दाबाला वाचायचे हे वेगळे आहे.

चाचण्या नसतील तर ब्रिंकग्रेव्ह आणि सहकाऱ्यांची २०१० ची सूत्रे सुरुवातीसाठी चांगली आहेत. ती फक्त सापेक्ष घनतेवर चालतात. ६० टक्क्यांना ई-५० आणि ओइडोमीटर ताठरपणा प्रत्येकी ३६ मेगापास्कल, उतरता ताठरपणा १०८ मेगापास्कल, घातांक ०.५१, घर्षणकोन ३५.५ अंश, प्रसरणकोन (शिअरमध्ये वाळू किती फुगते ते सांगणारा कोन) ५.५ अंश आणि फेल्युअर रेशो ०.९२५ येतो. स्मॉल-स्ट्रेनसाठी जी-शून्य (अगदी लहान विकृतीचा शिअर मॉड्युलस) १०१ मेगापास्कल आणि शिअर मॉड्युलस ७० टक्क्यांवर येतो ती विकृती ०.०००१४. बेन्झ यांनी २००७ मध्ये जोडलेला हा स्मॉल-स्ट्रेन भाग उत्खननात अत्यावश्यक मानावा. भिंतीभोवतालच्या विकृती बहुतेक ०.०१ ते ०.१ टक्क्यांतल्या असतात, आणि भिंतीपासून दूरची माती प्रत्यक्षात आणखी ताठर राहते. तो भाग नसेल तर खचावाचा खळगा फार रुंद आणि उथळ निघतो. इमारतीला तडे जातात ते खळग्याच्या उतारामुळे, म्हणून नुकसानीचा अंदाज त्यावर आधारू नये.

सापेक्ष घनता एसपीटीवरून काढताना सावध राहा. उर्जेची आणि उपरिभाराची दुरुस्ती केलेला ठोक्यांचा आकडा, म्हणजे एन-१-६०, घ्या. सापेक्ष घनता म्हणजे एन-१-६० भागिले ४६, त्याचे वर्गमूळ. १७ ला ६१ टक्के येते. आपल्याकडच्या अहवालांत आयएस २१३१ प्रमाणे भूजलाखालच्या बारीक वाळूला आणखी एक दुरुस्ती लावलेली असते : १५ च्या वरचा भाग निम्मा करायचा. वरचे सूत्र त्या दुरुस्तीविना बांधलेले आहे. दुरुस्त आकडा घातला तर घट्ट वाळू विनाकारण सैल होते. कच्चा आकडा, हॅमरचा प्रकार आणि बोअरचा व्यास मागून घ्या.

डायरेक्ट शिअरच्या अहवालात स्वच्छ वाळूला ५ किंवा ८ किलोपास्कल कोहीजन (चिकटपणाची ताकद) दिलेले वारंवार दिसते. ते वाळूचे नव्हे, वक्र आवरणरेषेवर बसवलेल्या सरळ रेषेचे असते. भूजलाच्या वरचे तात्पुरते सक्शनही (ओलाव्याची ओढही) त्यात मिसळते. उथळ पाया किंवा भिंतीच्या वरच्या दोन मीटरांत इतके कोहीजन सुरक्षिततेचे चित्र पालटून टाकते. शून्य घ्या. गणित अडत असेल तर ०.१ ते १ किलोपास्कल द्या आणि टेन्शन कट-ऑफ (मातीला ओढीचा ताण घेऊ न देण्याची अट) सुरू ठेवा.

हार्डनिंग सॉईलच्या मर्यादाही स्पष्ट ठेवाव्यात. त्यात कमाल ताकद गाठल्यावर मऊपणा येत नाही. ३८ अंश दिले तर मोठ्या विकृतीलाही ३८ अंशच राहतात, प्रत्यक्षात वाळू ३२ च्या आसपास उतरलेली असते. शिवाय हे मॉडेल घनता समजत नाही, म्हणून प्रत्येक थराला वेगळा संच लागतो. स्थिरतेसाठी ताकद कमी करत नेण्याची पद्धत वापरताना घर्षणकोन आणि प्रसरणकोन यांत मोठा फरक असेल तर गणित डगमगते, उत्तर मेशनुसार बदलते. तिथे डेव्हिस यांची १९६८ ची रीत उपयोगी आहे. प्रसरणकोन शून्य धरला तर कमी केलेल्या कोनाचा टॅन हा मूळ कोनाच्या साइनइतका असतो. ३८ अंशांचे ३१.६ होतात. हे सावधपणाचे उत्तर आहे, पण स्थिर आहे आणि समजावून सांगता येते.

मेशमध्ये काहीही भरण्याआधी एक एलिमेंट घेऊन त्यावर चाचणी चालवा. हा टप्पा गाळला की पुढचे सगळे अंदाजावर चालते. ५०, १०० आणि २०० किलोपास्कलला निचरा होणारी ट्रायअ‍ॅक्सियल चाचणी चालवा. कमाल ताण, तो ज्या विकृतीला येतो ती विकृती आणि आकारमानातला बदल पाहा. मग ओइडोमीटरमध्ये भार चढवून उतरवा. उतरत्या रेषेचा उतार अपेक्षेइतका ताठर आहे का ते बघा. शेवटी तुमच्या कामाचाच ताणपथ द्या : भिंतीमागच्या मातीसाठी उभा दाब स्थिर ठेवून आडवा कमी करा, खड्ड्याच्या तळासाठी उभा दाब कमी करा. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि चूक पकडण्याची इतकी स्वस्त जागा पुढे मिळत नाही.

निचरा न होणाऱ्या स्थितीत मोहर-कुलंबला प्रसरणकोन दिला तर काय होते हेही याच एका एलिमेंटवर दिसते. वाळूला फुगायचे असते, पाणी फुगू देत नाही, पोअर प्रेशर (छिद्रांतल्या पाण्याचा दाब) सतत खाली जाते आणि ताकद अमर्याद वाढते. प्रसरणकोन शून्य केला तर हा दोष जातो, पण दुसरा उरतो. सरासरी परिणामी दाब तसाच राहतो, म्हणून सैल वाळू आकसून पोअर प्रेशर वाढण्याची शक्यताच मॉडेलमध्ये उरत नाही. हार्डनिंग सॉईल इथे थोडे बरे आहे, कारण त्यात प्रसरण थांबवण्याची सोय आहे, पण सैल वाळूच्या कोसळण्याइतके आकसणे त्यातही नाही. चक्रीय भाराखाली तर त्याचे कठीण झालेले पृष्ठ (लवचीक वर्तनाची सीमा) आतल्या सर्व चक्रांना लवचीक मानते. स्मॉल-स्ट्रेन आवृत्ती ऊर्जा शोषते, पण चक्रागणिक साचणारे पोअर प्रेशर देत नाही. लिक्विफॅक्शन म्हणजे नेमके तेच साचणे.

ज्यांच्याकडे चांगल्या चाचण्या आहेत आणि ज्यांच्या कामात एकच वाळू अनेक घनतांत व दाबांत वावरते, त्यांनी सॅनिसँडचा विचार जरूर करावा. डाफालियास आणि मंझारी यांच्या २००४ च्या आवृत्तीचे सौंदर्य हे की एका वाळूला अंकांचा एकच संच पुरतो, घनता ही आरंभीची स्थिती म्हणून द्यायची. टोयोउरा या जपानी प्रयोग-वाळूवर १०० ते ३००० किलोपास्कलच्या अनड्रेन्ड (निचरा होऊ न देता केलेल्या) चाचण्या तो एकाच संचाने पेलतो. अंक ठरवण्याचा क्रम मात्र मोडू नये. आधी मोठ्या विकृतीपर्यंत नेलेल्या चाचण्यांवरून क्रिटिकल स्टेट रेषा, मग लहान विकृतीचा शिअर मॉड्युलस. त्यानंतर कमाल ताण-गुणोत्तरावरून आणि आकसण्याकडून फुगण्याकडे वळण्याच्या बिंदूवरून दोन घातांक, मग कठीण होण्याचे अंक, आणि फॅब्रिकचे (कणांच्या मांडणीचे) अंक सर्वांत शेवटी चक्रीय चाचण्यांवरून. क्रिटिकल स्टेट रेषा चुकली तर पुढचे सगळे अंक ती चूक झाकण्यात खर्च होतात. रेषा काढताना व्हॉइड रेशोतली (पोकळी आणि घन कण यांच्या आकारमानाच्या गुणोत्तरातली) ०.०२ ची चूकही मोठी असते, म्हणून चाचणीनंतर नमुना गोठवून पाण्याचे प्रमाण मोजण्याची पद्धत प्रयोगशाळेला आधीच सांगावी. या मॉडेलचा एक ज्ञात दोष लक्षात असू द्या. ताणाची दिशा अगदी किंचित उलटून पुन्हा पूर्ववत झाली तरी ते नवी सुरुवात समजते आणि खोटा ताठरपणा दाखवते.

हायपोप्लास्टिसिटीत फोन वोल्फर्सडोर्फ यांची १९९६ ची आवृत्ती एकदिशी भाराला चांगली आहे आणि तिचे बरेच अंक साध्या चाचण्यांतून येतात. क्रिटिकल कोन तर वाळूच्या ढिगाच्या उतारावरूनही मिळतो. मात्र निएमुनिस आणि हेर्ले यांची १९९७ ची इंटरग्रॅन्युलर स्ट्रेनची (विकृतीची अलीकडची दिशा लक्षात ठेवणारी) जोड नसेल तर छोट्या चक्रांत ती अवास्तव विकृती साचवत जाते.

लिक्विफॅक्शनसाठी पीएम४सँड मला व्यवहारात सर्वांत सोयीचे वाटते. बुलँजर आणि झिओटोपुलू यांनी ते एसपीटी आणि सीपीटी (शंकू प्रवेश चाचणी) यांच्या जगाला धरूनच बांधले आहे. मुख्य अंक तीनच : सापेक्ष घनता, शिअर मॉड्युलसचा गुणांक आणि आकसण्याचा दर. एन-१-६० मध्ये २.५ मिळवून वर्गमूळ काढा आणि १६७ ने गुणा. १७ ला गुणांक येतो ७३७. तिसरा अंक चाचणीने बसवायचा. एका एलिमेंटवर अनड्रेन्ड चक्रीय सिंपल शिअर चालवा आणि १५ चक्रांत ३ टक्के शिअर विकृती यावी असा तो ठरवा. लावायचे ताण-गुणोत्तर एन-१-६० वरून घ्या. बुलँजर-इड्रिस सूत्राने स्वच्छ वाळूच्या १७ ला, एक वातावरण दाब आणि ७.५ तीव्रतेसाठी ते ०.१७ च्या जवळ आहे. आयएस १८९३ : २०१६ च्या परिशिष्ट-एफमधली सोपी पद्धत आधी करा. तिथे सुरक्षितता गुणांक स्पष्टपणे पुरेसा असेल तर हा सगळा खटाटोप लागत नाही. पीएम४सँड प्लेन स्ट्रेनपुरते आहे, त्रिमितीय कामाला वेगळे पाहावे लागेल. स्थिर टप्पे हार्डनिंग सॉईलने करून भूकंपाच्या टप्प्याला मॉडेल बदलायचे आणि बदलताना अंतर्गत चल नव्याने सुरू होतात हे तपासायचे. एलिमेंटचा आकार तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शाहून मोठा नसावा. शिअर वेग १८० मीटर प्रतिसेकंद आणि १५ हर्ट्झला हे १.२ मीटर होते. वाळू मऊ झाल्यावर वेग घटतो, म्हणून त्याहून बारीक घ्यावे.

इथे अपेक्षा वास्तव ठेवा. लीप या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात ओटावा एफ-६५ वाळूच्या त्याच चाचण्या सर्व गटांना देऊन सेंट्रिफ्यूज (लहान प्रतिकृती वेगाने फिरवून केलेल्या) प्रयोगांचे अंदाज मागवले गेले, तरीही उताराच्या सरकण्याच्या आकड्यांत फरक राहिला. पोअर प्रेशर वाढेल की नाही हे विश्वासाने सांगता येते. जमीन नेमकी किती सरकेल हे एका आकड्यात सांगू नये.

पाण्याने वाहून टाकलेला भराव किंवा खाणीचा टेलिंग्ज (खनिज काढून उरलेल्या गाळाचा) बंधारा असेल तर प्रश्नच बदलतो. तिथे भूकंप नसतानाही सैल वाळू कोसळते. ब्राझीलमधला फुंडाँव बंधारा ५ नोव्हेंबर २०१५ रोजी फुटला तेव्हा तपास समितीने हेच दाखवले. खालचा मऊ गाळ आडवा पसरला, वरच्या वाळूचा आडवा आधार गेला, निचरा होत असतानाच तिचा सरासरी दाब उतरला आणि शेवटच्या क्षणी ती अनड्रेन्ड कोसळली. असा ताणपथ पकडायला जेफरीज यांचे १९९३ चे नॉरसँड योग्य आहे. त्यात बीन आणि जेफरीज यांचा १९८५ चा स्टेट पॅरामीटर, म्हणजे सध्याचा व्हॉइड रेशो आणि त्याच दाबाला क्रिटिकल स्टेटचा व्हॉइड रेशो यांतला फरक, थेट वापरला जातो. तो उणे ०.०५ पेक्षा वर असेल तर मोठ्या विकृतीत वाळू आकसणारी समजावी.

शिंपल्यांची, चुनखडीची वाळू असेल तर वरची सगळी सूत्रे बाजूला ठेवा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या समुद्रतळावर असे कॅल्केरियस थर आहेत. त्यांचे कण दाबाखाली फुटतात, म्हणून बोल्टनच्या सूत्रातला १० चा अंक चुनखडीसाठी ८ होतो.

तुमच्या कामाकडे परत येऊ. अजून थोडा खर्च करता येत असेल तर आधी डाउनहोल (बोअरमधल्या) किंवा एमएएसडब्ल्यू (पृष्ठतरंगांच्या) चाचणीने शिअर वेग मोजून घ्या. १९० मीटर प्रतिसेकंद वेग आणि १.९५ टन प्रतिघनमीटर घनता असेल तर जी-शून्य ७० मेगापास्कल येतो. ५० किलोपास्कल आडव्या दाबाला ब्रिंकग्रेव्हचे सूत्र ७१ देते आणि पीएम४सँडचेही त्याच्या आसपासचा आकडा देते. तिन्ही इतके जवळ असतील तर ताठरपणावर विश्वास ठेवता येतो. दुपटीचा फरक आला तर एसपीटीचे आकडे किंवा भूजलाची पातळी पुन्हा तपासा. त्यानंतर आयएस २७२० भाग १४ ची किमान-कमाल घनता, आणि मधे एक उतरता-चढता फेरा असलेल्या निचऱ्याच्या तीन ट्रायअ‍ॅक्सियल चाचण्या. नमुने पुन्हा घडवलेलेच असतील, म्हणून घडवण्याची पद्धत अहवालात लिहून मागा. ओलसर ठोकून घडवलेला नमुना पाण्यातून पाडलेल्या नमुन्यापेक्षा जास्त आकसतो.

हे काहीच शक्य नसेल तर सापेक्ष घनता ५०, ६० आणि ७० टक्के धरून तीन वेळा गणित चालवा. ई-५० अनुक्रमे ३०, ३६ आणि ४२ मेगापास्कल होईल, बाकीचे अंकही सूत्राने बदला. इमारतीच्या खचावाचा अहवाल या तीन उत्तरांच्या पट्ट्याने द्या. पहिल्या अँकरच्या टप्प्यानंतर इन्क्लिनोमीटरचे (भिंतीची आडवी सरक मोजणाऱ्या उपकरणाचे) वाचन कोणत्या रेषेजवळ पडते ते पाहा आणि दुसऱ्या टप्प्याचे खोदकाम सुरू होण्याआधी तोच संच पुढे वापरा.